शोधचिठ्ठ्यांचा खण

कार्डलाच्या वाचनालयात, माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला
एक खण आहे. ओढताना अडकतो.
त्यात पुस्तकं नाहीत, लोकांना उरलेली पुस्तकं आहेत:
'शेवटी बोट बुडते, की बुडत नाही?'
'लेखकाचं आडनाव माशासारखं काहीतरी.'
'हिरवं होतं. जाड. गोवर आला तेव्हा वाचलेलं.'
रंग सगळ्यांना आठवतो
आणि बहुतेक वेळा तो चुकलेला असतो.

आर्वी आला तेव्हा समुद्र गोठायला लागला होता.
टोपी हातात, बुटांखाली पाण्याचं थारोळं.
जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं फाडलेला माणूस
एक वाक्य पुढे करताना चाचरला:
'दार उघडं ठेव, थंडीलाही कुठंतरी जायचं असतं.'

साल्मे म्हणायची. दूध उतू गेलं की,
मुलगा पत्र टाकेनासा झाला की,
शेवटी शेवटी, इंजेक्शनवाली बाई उशिरा आली की.
कुठल्याशा पुस्तकातलं, तिनं लहानपणी वाचलेलं,
त्यात एक शेळी होती. बाकी काही माहीत नाही.
थडग्याचा दगड घडवणारा म्हणतो, शब्द नेमके आण,
दगडावर खाडाखोड होत नाही.
वर अक्षरामागे पैसे घेतो.

चिठ्ठीच्या मी सहा प्रती काढल्या,
दुकानात, दवाखान्यात, बोटीच्या खिडकीशी लावल्या.
महिनाभर अख्खं बेट शेळीवर बोलत होतं.
मेइनहार्ड मास्तर म्हणाले, शेळी नव्हे, मेंढी,
आणि पुस्तक भाषांतरित;
मूळ आपण वाचलं असल्यासारखे म्हणाले.
बेकरीतल्या व्हाइकेला चित्र आठवलं:
उंबरठ्यावर मुलगी, हातात एकच मोजा.
मग कुणीतरी दुकानातल्या चिठ्ठीवरच
पेन्सिलीनं लिहून गेलं: शेळीचं नाव किका.
आणि त्या दोन अक्षरांनी
सत्तरी ओलांडलेली पाच माणसं
पावाच्या रांगेत लहान होऊन उभी राहिली.

पुस्तक सापडलं एमास्तेच्या एका सौनाघरात,
लंगड्या बाकाच्या पायाखाली, वाफेनं फुगलेलं.
शेळी होती. मोजा होता.
एकसष्ट-बासष्ट नव्हतं.
शिवणीशी नुसती दातेरी कड.

त्याच संध्याकाळी हेल्वे आली, दवाखान्यातून निवृत्त झालेली,
साल्मेकडे उशिरा पोचायची तीच.
पाकिटातून चौघडी घातलेलं पान काढलं,
घड्यांवर अक्षरं झिजून पांढरी.
'वर्गाला मिळून एकच प्रत होती,' म्हणाली,
'आणि मला हे पान हवं होतं.'
मग विचारलं, साठ वर्षांचा दंड किती होतो.
मी यंत्रावर हिशोब केला, आकडा बघून दोघी हसलो,
मग ती रडली,
मग पुन्हा विचारलं, खरंच, किती?

पानावर होतं:
'दार लावून घे, थंडीला जायला दुसरी घरं आहेत.'

आर्वीनं दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
मास्तर म्हणाले, मूळ ते मूळ,
दगडावर काय चूक कोरायची?
व्हाइके पिठाचे हात झटकत म्हणाली,
साल्मेचं दार बंद बघितलंय का कुणी?
मी गप्प. माझं काम सापडवून देण्याचं,
सापडल्यावर काय करायचं ते या खणात नाही.

आर्वीनं पान हेल्वेच्या हातात परत ठेवलं.
मला ते पुस्तकात डकवायचं होतं, नियमानं,
खळ शिजवून तयार होती.
ती पाकिटाची चेन लावेपर्यंत
मी खण उघडत बसले. तो अडकतोच.

बर्फ उतरल्यावर दगडवाल्यानं अक्षरं मोजली.
पुस्तकातल्यापेक्षा साल्मेचं वाक्य
एका अक्षरानं लांब निघालं.
त्या एका अक्षराचे पैसे आर्वीनं वेगळे काढले, सुटे,
आणि तिकिटाचे ठेवावेत तसे
एकावर एक रचून ठेवले.